जुन्या मोटारींत कार्बोरेटर की इंजेक्शन

कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल मोटारीत मूळ कार्बोरेटर दुरुस्त करून ठेवावा की तो उतरवून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवावे, याचा निर्णय. कोल्हापुरात हा प्रश्न मुख्यतः प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी जिप्सी, ओम्नी आणि २००० सालाआधीच्या मारुती ८०० यांच्या मालकांपुढे येतो. इंधन अचूक मोजण्यात इंजेक्शन सरस आहे, यात वाद नाही. पण कार्बोरेटरच्या नावावर खपवला जाणारा दोष पुष्कळदा इग्निशनमध्ये, व्हॉल्व्हमध्ये किंवा हवा ओढणाऱ्या पॅकिंगमध्ये असतो आणि इंजेक्शन बसवले तरी तो तसाच राहतो. म्हणून आधी आहे तो कार्बोरेटर नीट करून पाहावा, आणि इंजेक्शन घालायचेच ठरले तर टाकीपासून अर्थिंगपर्यंत पुरे घालावे. अर्धवट बसवलेले इंजेक्शन झिजलेल्या कार्बोरेटरपेक्षा जास्त त्रास देते.

दोन्हींचे काम

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि फ्लोटच्या (पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीच्या) वाटीतले पेट्रोल जेटमधून, म्हणजे मोजक्या भोकाच्या पितळी तोटीतून, वर ओढले जाते. मोजमाप भोकाच्या व्यासावर ठरते. इंधन बदलले हे त्याला कळत नाही. त्याला पेट्रोल फक्त ०.२ ते ०.३५ बार दाबाने लागते आणि इंजिनावरचा यांत्रिक पंप तेवढे देतो. मल्टिपॉइंट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, इंजेक्शनला सुमारे ३ बार लागतात. त्यात कंट्रोल युनिट मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, हवेचे व पाण्याचे तापमान, थ्रॉटलची (हवेच्या झडपेची) स्थिती आणि इंजिनाचा वेग पाहून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवते. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर चूक सांगतो, युनिट ती सुधारते.

वीस टक्के इथेनॉल

पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे हे वीस टक्के इथेनॉल हाच जुन्या कार्बोरेटरपुढचा आजचा खरा प्रश्न आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बेतलेल्या जेटमधून आता साधारण ७ टक्के इंधन कमी पडते. गार इंजिन चोक सोडल्यावर बंद पडणे, ॲक्सिलेटर दाबल्याबरोबर गाडी अडखळणे, कार्बोरेटरमधून बॅकफायर, प्लगचे चिनीमातीचे टोक पांढरेफटक दिसणे, ही पातळ मिश्रणाची लक्षणे.

उपाय स्वस्त आहे. सोलेक्स व वेबर जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० ऐवजी १२५ चा मुख्य जेट घातला की भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते आणि ७ टक्क्यांची तूट भरून निघते. स्लो जेट (आयडलिंगचा) त्याच हिशेबाने एक पायरी वर न्यावा. जेट बदलल्यावर ८-१० किलोमीटर एकसारख्या वेगाने गाडी चालवावी, इंजिन त्याच क्षणी बंद करून प्लग काढावेत आणि टोक फिकट तपकिरी आहे का पाहावे. जेट साफ करताना आत तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग आकड्याला अर्थ उरत नाही.

इथेनॉल रबरालाही खाते. ॲक्सिलेटर पंपाचा पडदा, नीडलचे रबरी टोक, ओ-रिंग आणि पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारे घ्यावेत. ओ-रिंग व्हायटॉनच्या, म्हणजे इंधन सोसणाऱ्या कृत्रिम रबराच्या, असाव्यात. हे मिश्रण हवेतले पाणी शोषते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी व इथेनॉलचा थर वाटीच्या तळाशी बसून जस्ताच्या ओतकामावर पांढरी भुकटी धरतो. ऑक्सिजन सेन्सरचे इंजेक्शन मिश्रणातला ७-८ टक्क्यांचा फरक सहज भरून काढते. इंजेक्शनच्या बाजूने सर्वांत जोरकस मुद्दा हाच.

कार्बोरेटरला दोष देण्यापूर्वी

तपासणीचा क्रम मोडू नये. आधी सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन. त्यांच्यात १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर पैसे आधी इंजिनाच्या आतल्या दुरुस्तीवर खर्च करावेत. मग व्हॉल्व्हची फट, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट (बहुधा ०.४ ते ०.५ मिमी), प्लग, टायमिंग. कार्बोरेटर सर्वांत शेवटी. मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज लावताना कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे हे ध्यानात ठेवावे. पुस्तकांतले आकडे समुद्रसपाटीचे असतात आणि इथे काटा पाऱ्याचे जवळजवळ २ इंच कमीच दाखवतो. १८ च्या जागी १६ इंच स्थिर दिसले तर इंजिन ठीक आहे. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या इंजिनाचे मॅनिफोल्ड विनाकारण उतरवले जाते.

जुन्या कार्बोरेटरमध्ये सर्वाधिक झिजते ती थ्रॉटलची पाती फिरवणाऱ्या स्पिंडलची (दांडीची) बैठक. तिथून हवा आत शिरते, आयडलिंग वरखाली होते आणि मिक्श्चरचा स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन बसत नाही. आयडलिंगवर स्पिंडलच्या टोकाशी क्लीनरचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला की गळती तिथेच. सायलेन्सरचे मॅनिफोल्ड गरम असते, म्हणून फवारा अगदी थोडा मारावा आणि आग विझवायचे साधन हाताशी ठेवावे.

या झिजेवर नवा कार्बोरेटर शोधत फिरण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात झिजलेल्या भोकाला लेथवर बुश (नळीसारखी कडी) मारून मिळते. पाती काढण्यापूर्वी तिची बाजू व वरची कड खुणावून ठेवावी. स्क्रूंची मागची टोके ठोकून पसरवलेली असतात, ती आधी घासावीत; नाहीतर स्क्रू स्पिंडलमध्येच तुटतो. ८ मिमी स्पिंडलसाठी दोन्ही बाजूंची भोके एकाच पकडीत १० मिमी करावी. वेगवेगळी पकड केली तर भोके एका रेषेत येत नाहीत आणि थ्रॉटल अडकतो, जो रस्त्यावर जिवावर बेतू शकतो. गनमेटलचे बुश दाबून बसवावेत आणि ०.०२ ते ०.०५ मिमी फट राहील असे रीमरने सारखे करावेत. नवे स्क्रू लॉकिंग द्रव लावून बसवावे व मागून पुन्हा ठोकावे, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवावा; बुडबुडे आले तर त्याला छिद्र आहे. डाग देऊन तो चालतो, पण वजन वाढल्याने पेट्रोलची पातळी पुन्हा लावावी लागते. पायाचे नट अति आवळल्याने फ्लँज वाकतो. काचेवर एमरी पेपर ठेवून तो सपाट करता येतो. दोन पॅकिंग एकावर एक घालणे हा उपाय नव्हे.

इंजेक्शन बसवताना

मारुती ८०० ला सोपा मार्ग आहे. तिच्या ७९६ सीसी इंजिनाची एमपीएफआय (मल्टिपॉइंट इंजेक्शनची) आवृत्ती पुढे कंपनीनेच काढली. मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, सेन्सर, वायरिंग, कंट्रोल युनिट, टाकीतला पंप असा सगळा संच एकाच गाडीतून, आणि चावीत चिप असेल तर चावीसकट घ्यावा. निरनिराळ्या गाड्यांचे भाग जुळवलेला संच क्वचितच नीट चालतो.

पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरला स्वतंत्र प्रोग्रॅम होणारे युनिट लागते. जुन्या मॅनिफोल्डवर ८ ते १० मिमी जाडीची ॲल्युमिनियम प्लेट घालून एक थ्रॉटल बॉडी बसवणे सोपे पडते, पण टोकाच्या सिलिंडरांना कमी-जास्त इंधन मिळण्याचा जुना दोष त्यात राहतो. प्रत्येक पोर्टला इंजेक्टर द्यायचा तर मॅनिफोल्डवर बैठका वेल्ड कराव्या लागतात.

इंजेक्टरचा हिशेब असा: ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण भारावर ताशी सुमारे १२ लिटर, म्हणजे मिनिटाला २०० सीसी पेट्रोल. चार इंजेक्टरना प्रत्येकी ५०; इंजेक्टर ८० टक्के वेळच उघडा ठेवायचा म्हणून ६३; वीस टक्के इथेनॉल धरून ७० सीसीच्या आसपास. मोठ्या गाडीचा इंजेक्टर फुकट मिळाला म्हणून घालू नये. आयडलिंगला तो इतका क्षणभर उघडतो की मात्रा दर वेळी वेगळी पडते. १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर घेतले की युनिटला वेगळा रेझिस्टर लागत नाही.

पंप टाकीत, आणि त्याभोवती छोटी वाटी हवीच. ती नसेल तर कमी पेट्रोलावर घाटाच्या वळणात पंप हवा ओढतो आणि इंजिन ऐन चढावर दम तोडते. जुना रबरी पाइप ३ बारला फुटतो. इंजेक्शनचाच पाइप आणि पूर्ण गोल पकडीचे क्लॅम्प वापरावेत. धक्का बसताच पंप तोडणारा स्विच जोडावा. पंप, इंजेक्टर व युनिट मिळून १० ते १५ अँपिअर सतत ओढतात. जुन्या डायनामोला हेडलाइट चालू असताना ते झेपत नाही, अल्टरनेटर लागतो. तांब्याच्या साध्या प्लग-वायरी काढून रेझिस्टन्सच्या वायरी व प्लग घालावेत, नाहीतर ठिणगीचा गोंगाट क्रँक सेन्सरच्या तारेत शिरून इंजिन मध्येच झटका देते. युनिट व सेन्सरचे अर्थ इंजिनाच्या एकाच बिंदूवर आणावेत. ऑक्सिजन सेन्सरची बैठक एम १८ × १.५ आट्यांची असते.

पहिल्या स्टार्टआधी नुसती चावी फिरवून प्रत्येक जोड गळतीसाठी पाहावा. इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) कोल्हापुरात सुमारे ९५ किलोपास्कल दाखवायला हवा. १०१ दिसत असेल तर सेन्सरची मांडणी चुकली आहे आणि पुढचे सगळे ट्यूनिंग वाया जाईल.

घाट, पाऊस, पूर

आंबा घाटाने रत्नागिरीला उतरताना कार्बोरेटरचे मिश्रण बिघडते, असे म्हणतात. ५५० मीटरच्या फरकाने ते जेमतेम अडीच टक्के हलते. तेवढ्यासाठी इंजेक्शन घालू नये. मे महिन्यात चढावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणे मात्र खरे आहे. त्यावर पाइप सायलेन्सरपासून दूर नेणे, कार्बोरेटरखाली जाड फायबर पॅकिंग आणि टाकीजवळ ०.२५ बारचा इलेक्ट्रिक पंप पुरतो. गगनबावड्याच्या पावसात मिसिंग सुरू झाले तर आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी कोरडी करावी. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरांसारखे पाणी गाडीत शिरले तर कार्बोरेटर धुऊन पुन्हा बसवता येतो, कंट्रोल युनिट बहुधा येत नाही. म्हणून ते सीटखाली न ठेवता डॅशबोर्डमागे उंचावर बसवावे.

पीयूसी आणि नोंदणी

पीयूसी हे इंजेक्शन घालण्याचे कारण होऊ शकत नाही. भारत टप्पा २ या उत्सर्जन मानकाच्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालते. नीट लावलेला कार्बोरेटर त्यात आरामात बसतो. टप्पा २ आणि ३ च्या गाड्यांना ०.५ टक्का व ७५० पीपीएमची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधने घातली आहेत, म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. ५० वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर गाडी मूळ रूपात लागते आणि इंजिनातला मोठा बदल आड येतो. अशा गाडीवर कार्बोरेटरच ठेवावा. इतर गाड्यांत इंजेक्शन बसवले तरी उतरवलेला कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, पंप आणि एअर क्लीनर पेट्रोल काढून, तेलाचा हात देऊन एकत्र बांधून ठेवावेत. मॅनिफोल्ड कापायचे तर दुसरे मिळवून कापावे, मूळचे नव्हे.