दिल्लीला जाताय? आधी वार बघा, मग ठिकाणं ठरवा

पैसे भरण्याआधी हे पत्रक सोबत येणाऱ्या सगळ्यांनी वाचावं. दिल्लीची सहल फसते ती बहुतेकदा हॉटेलमुळे नाही, वारांमुळे. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय हे सगळं सोमवारी बंद. ताजमहाल शुक्रवारी बंद. रविवारी चांदनी चौकातली बरीच दुकानं बंद, तर सरोजिनी नगरचा बाजार सोमवारी. म्हणून ठाण्याच्या आमच्या ऑफिसात आलात की "काय काय बघायचंय?" हे आम्ही नंतर विचारतो. तिथे असताना सोमवार आणि शुक्रवार कधी येतोय, ते आधी.

सोमवार वाया जात नाही. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लोदी गार्डन, इंडिया गेट त्या दिवशीही उघडी असतात. दक्षिण दिल्ली सोमवारी टाकली की निम्मा गुंता सुटतो.

कधी जावं

मुलांच्या सुट्ट्या आणि दिल्लीची हवा यांचं जमत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, दिवाळीत धुरकं, नाताळात धुकं आणि त्यापायी तासन्‌तास रखडलेल्या गाड्या-विमानं. आमचं मत विचाराल तर फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही साधारण तेव्हाच उघडतं. चार दिवस शाळा बुडते, पण घरात दहावी-बारावी नसेल तर बुडू द्या. मे महिन्यातच जायचं असेल तर सकाळी लवकर बाहेर पडायचं आणि दुपार खोलीत किंवा संग्रहालयात काढायची. २६ जानेवारीच्या आधी कर्तव्यपथावर संचलनाची तालीम चालते आणि रस्ते बंद होतात. १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्लाच काही दिवस बंद असतो.

गाडी कुठून पकडावी

मुंबई सेंट्रलच्या राजधानी पश्चिम रेल्वेनं जातात, त्यामुळे ठाणेकरांना बोरिवली गाठावी लागते. घोडबंदर रोडच्या भरवशावर अगदी वेळेवर निघू नका. सीएसएमटीहून सुटणारी राजधानी कल्याणला थांबते. आजी-आजोबा आणि बॅगा सोबत असतील तर आम्ही तीच सुचवतो. मात्र ती नवी दिल्लीला नाही, हजरत निजामुद्दीनला पोहोचते, हे हॉटेल ठरवताना लक्षात असू द्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आमच्याकडे नावं त्याच्याही आधी आली तर बरं, नाहीतर वेटिंगवर जीव टांगणीला लागतो.

पुरानी दिल्लीला अख्खा दिवस

पॅकेजवाले लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, कुतुब हे सगळं एका दिवसात कोंबतात. त्यात बसची काच तेवढी बघून होते. आम्ही एका दिवशी एकच भाग घेतो.

लाल किल्ला शाहजहाननं १६४८ मध्ये पुरा केला. दिवाण-ए-खासमध्ये गेलात की मान वर करून छत बघा. तिथला चांदीचा पत्रा १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून घेतला, कारण फौजेला द्यायला पैसा नव्हता. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि महादजी शिंद्यांच्या बळावर मुघल बादशहा शाहआलम १७७२ मध्ये राजधानीत परतला. गाइड बहुधा औरंगजेबावरून थेट १८५७ वर उडी मारतो. मधलं त्याला आवर्जून विचारा.

समोरच्या चांदनी चौकात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी आहे. फतेहपुरी मशिदीपर्यंत पायी किंवा सायकलरिक्षानं जायचं. भाडं बसण्याआधी ठरवा. वाटेत गुरुद्वारा सीसगंज लागतो. गुरू तेगबहादूर यांचं बलिदान १६७५ मध्ये इथे झालं. आत जाताना डोकं झाकायला रुमाल हवा. पराठेवाली गलीतले पराठे तव्यावर भाजत नाहीत, तुपात तळतात, तेव्हा पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी बेतानं घ्यावेत. जामा मशिदीच्या पायऱ्या गुडघ्यांना जड जातात. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून शुक्रवारची दुपार टाळा.

बाकीचे दिवस

कुतुबला सकाळी लवकर जा. मिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे, पण आमचा जीव जडलाय तो आवारातल्या लोहस्तंभावर. सुमारे सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, तरी गंजून गेलेला नाही. हुमायूनच्या कबरीला लागूनच ‘सुंदर नर्सरी’ नावाची मोठी बाग आहे. मुलं कंटाळली की तिथे सोडा. राष्ट्रपती भवनाची वेळ ऑनलाइन आधी घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यावरच बाकीचा दिवस आखायचा. अक्षरधाममध्ये मोबाइल आणि बॅग नेता येत नाही. जमा करायच्या रांगेत वेळ जातो. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण जिथे झालं ते २६, अलीपूर रोड इथलं स्मारक सिव्हिल लाइन्स मेट्रो स्टेशनपासून जवळ आहे. यादीत नसलं तरी सांगा, आम्ही घालू.

फिरायला मेट्रोच बरी. दर वेळी बॅग एक्स-रेमधून जाते, त्यामुळे सामान कमी ठेवा. नवी दिल्ली स्टेशनबाहेर "तुमचं हॉटेल बंद झालंय" किंवा "तिकीट रद्द झालंय" असं सांगणारा भेटला तर त्याच्याशी बोलत न बसता आम्हाला फोन करा.

आग्रा

सुमारे २३० किलोमीटर दूर असलेल्या आग्र्यासाठी वेगळा दिवस हवाच. निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्सप्रेस पावणेदोन तासांच्या आत पोहोचवते. शुक्रवारी ती धावतही नाही. ताजनंतर आग्र्याच्या किल्ल्यासाठी वेळ राखून ठेवा. बाहेर शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. १६६६ मध्ये महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले ते इथेच. पानिपतही करायचं असेल तर आणखी एक दिवस धरा.

आमच्या दरात काय

रेल्वे तिकीट, हॉटेल, नाश्ता आणि आग्र्याची गाडी दरात धरलेली आहे. प्रवेश तिकिटं, मेट्रो, रिक्षा आणि दुपारचं जेवण तुमच्याकडे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा जवळ ठेवा. बुकिंगला येताना प्रत्येकाचं आधार कार्ड आणा. नाव आणि वय आम्ही त्यावरूनच उतरवून घेतो.