बॅटरीवर हीटर किती वेळ चालेल?

कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, इन्व्हर्टर बसवला की दिवे, पंखा, लॅपटॉप सगळे बिनबोभाट चालते. मग हीटर का नाही? चालतो की. फक्त पाऊण तास!

१२.८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात १.२८ युनिट वीज असते. त्यातला साधारण दहावा हिस्सा इन्व्हर्टर स्वतः खातो. उरलेली वीज १५०० वॉटचा हीटर ४६ मिनिटांत फस्त करतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर हाल विचारू नका. ती निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून वापरायला मिळतात जेमतेम वीस मिनिटे, तीही कागदावर. प्रवाह जितका मोठा, तितकी या बॅटरीतून मिळणारी एकूण वीज कमी; हे जर्मन संशोधक विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ मध्येच मांडले होते. बॅटरीवर छापलेले १०० अँपिअर-तास बहुधा वीस तासांच्या संथ वापराचे, म्हणजे ५ अँपिअरचे असतात. हीटर एकदम १३० अँपिअर ओढतो.

एवढा प्रवाह वायरीलाही सोसत नाही. बॅटरी ते इन्व्हर्टर या टप्प्यात वायर आणि टर्मिनल मिळून ५ मिलिओहम रोध असला, तरी ८० वॉटहून जास्त उष्णता तिथेच निघते. नट किंचित ढिला असेल तर टर्मिनलला हात लावता येत नाही, वायरीचे आवरण मऊ पडते. शिवाय वाटेत अर्धा-पाऊण व्होल्ट गळतो. त्यामुळे बॅटरीत चार्ज शिल्लक असतानाही इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून कोकलत बंद पडतो आणि लोक नवी बॅटरी आणायला निघतात. आधी नट आवळून पाहावा.

आता खरी गंमत. कॅम्परमध्ये १० घनमीटर हवा आहे असे धरू. तिचे वजन सुमारे १२ किलो. ती ५ अंशांवरून २० अंशांवर न्यायला लागते फक्त ०.०५ युनिट, म्हणजे हीटरची दोन मिनिटे. मग बाकीची वीज जाते कुठे? पत्र्यातून बाहेर. भिंती, छत, तळ मिळून ३० चौरस मीटर आणि सगळीकडे अडीच सेंटिमीटर फोम असला, तरी १५ अंशांच्या फरकाला जवळपास ५०० वॉट सतत निसटत राहतात. आठ तासांचे ४ युनिट झाले. खिडकीची एकेरी काच त्याच आकाराच्या फोम लावलेल्या भिंतीच्या पाचपट उष्णता घालवते, तेव्हा पहिला खर्च काचेवरच्या जाड आच्छादनाचा करावा, दुसऱ्या बॅटरीचा नव्हे.

माझे मत विचाराल तर बॅटरीने गाडी तापवूच नये, माणूस तापवावा. थेट १२ व्होल्टवर चालणारे ५० वॉटचे विजेचे ब्लँकेट रात्रभर, आठ तास चालवले तरी ०.४ युनिट पुरते. इन्व्हर्टर मधे नसल्याने त्याचा रिकाम्या वेळचा खर्चही वाचतो. शेकायच्या पिशवीसाठी लिटरभर पाणी १५ वरून ६५ अंशांवर नेणे म्हणजे ०.०६ युनिट. पांघरुणात ती कितीतरी वेळ ऊब देते.

संपूर्ण गाडीच उबदार हवी असेल, तर इंधनाला पर्याय नाही. एक लिटर डिझेलमध्ये जवळपास १० युनिट उष्णता असते. डिझेल हीटर जळणासाठीची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो. बॅटरीकडून पंखा आणि पंपापुरते १० ते ३० वॉट मागतो. गॅसची उघडी शेगडी आत पेटवून झोपणे मात्र जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. त्याचा अलार्म गाडीत हवाच.

डिझेल हीटर सुरू होताना त्याचा ग्लो प्लग, म्हणजे लालबुंद तापून डिझेल पेटवणारी कांडी, काही मिनिटे शंभराहून जास्त वॉट खेचते. बंद करतानाही पंखा थोडा वेळ फिरून आतला भाग गार करतो, तेव्हा मेन स्विच मधेच पाडू नये. आणि बॅटरी लिथियमची असेल तर ती राहत्या भागातच ठेवावी, कारण शून्य अंशाखाली चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते.