पंक्चर झालंय? आधी भोक बघू या

"आठ दिवसांपूर्वीच तर काढलं होतं, परत कसं झालं?" असं आमच्या सायकलच्या दुकानात रोज कोणी ना कोणी विचारतं. ठिगळ सुटलं असेल तर चूक आमची, ते फुकट लावून देऊ. पण पुष्कळदा ठिगळ जागच्या जागी असतं आणि हवा शेजारच्याच नव्या भोकातून गेलेली असते. पहिला काटा टायरमध्ये तसाच राहिलेला असतो. ट्यूब दुरुस्त झाली, पण टायर आतून कोणी चाचपलाच नाही.

म्हणून आम्ही टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव वॉलच्या, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायच्या तोंडाच्या, समोर घेतो. ट्यूबला भोक वॉलपासून वीतभर अंतरावर सापडलं, तर टायरमध्येही नावापासून वीतभर, दोन्ही बाजूंना शोधायचं. घरी करणार असाल तर आतून नुसतं बोट फिरवू नका, तार बोटात घुसते. कापसाचा बोळा फिरवा, काटा असेल तिथे कापूस अडकतो.

ट्यूबला एकच बारीक भोक आणि तेही बाहेरच्या, म्हणजे टायरकडच्या बाजूला असेल, तर काटा किंवा तार. नाशिकमध्ये दोन्हींना तोटा नाही. मळ्यांच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावतात, त्यांचे काटे शिवाररस्त्यावर पडतात. पावसाळा सरला की सराटे वाळून वाटेवर येतात. कॉलनीत बोगनवेल छाटली की आठवडाभर आम्हाला उसंत नसते. सातपूर-अंबड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या टायरमध्ये लेथवरचा लोखंडी किस निघतो, आणि मुंबई-आग्रा महामार्गावरून येणाऱ्यांच्या टायरमध्ये केसासारखी तार. ती ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली असते. बाहेरून दिसत नाही, काढायला चिमटाच लागतो.

शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर काट्याला दोष देऊ नका. ते कमी हवेचं काम. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की रिम आणि रस्ता यांच्यात ट्यूब चिमटली जाते. शाळेतली पोरं डबलसीट येतात, दूधवाले मागे कॅन लटकवतात, त्यांच्या ट्यूबला या चिरा हमखास सापडतात. हवा नुसती उभ्या सायकलीतूनही हळूहळू कमी होत असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी भरावीच. पातळ टायरच्या रेसिंग सायकलीत तर दर दोन-तीन दिवसांनी बघा.

किती भरायची? टायरच्या कडेला आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. जाड टायरच्या एमटीबीला (माउंटन बाइकला) साधारण ३५ ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतं, पातळ टायरला ८०च्या आसपास लागतं. वालट्यूबवाल्या, म्हणजे वॉलमध्ये बारीक रबरी नळी असलेल्या, साध्या सायकलीत दाब मोजायच्या गेजचा आकडा भरवशाचा नसतो. तिथे सायकलवर बसा आणि कोणाला तरी मागून बघायला सांगा. टायर खाली जरासा फुगलेला दिसावा, पसरलेला नाही. पेट्रोलपंपावर मात्र जपून. तिथली हवा जोरात येते आणि सायकलची ट्यूब इवलीशी, एका क्षणात फुटते.

भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि स्पोकचं टोक ट्यूबला टोचतं. पट्टी बदलल्याशिवाय कितीही ठिगळं लावा, व्यर्थ. वॉलच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर सरळ नवी घ्या, तिथे ठिगळ टिकत नाही. बसलेल्या टायरवर "घर जवळच आहे" म्हणत सायकल दामटली की हेच होतं. हातात धरून आणा.

पावसात पंक्चर जास्त होतात हा भास नाही. ओल्या रबरात काच सहज घुसते, आणि पाणी सगळा कचरा रस्त्याच्या कडेला आणून टाकतं, नेमका जिथून सायकलवाला जातो. काठापासून हातभर आत चालवा. वाटेत काटा रुतलेला दिसला आणि हवा टिकून असेल, तर लगेच उपटू नका. कित्येकदा काट्यानेच भोक बुजवलेलं असतं. तसेच दुकानापर्यंत या.

घरी ठिगळ लावणाऱ्यांचं एक नेहमी चुकतं, ते म्हणजे घाई. ट्यूब घासून खरबरीत करा, सोल्युशन पातळ लावा आणि ते सुकू द्या. बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ दाबा. ओल्यावर लावलेलं उन्हाळ्यात सुटतंच.

ट्यूबमध्ये भरायचं, भोक आतून बुजवणारं सीलंट आमच्याकडे आहे, पण प्रत्येकाला घ्या म्हणणार नाही. काट्याच्या बारीक भोकाला ते चांगलं, चिमटलेल्या चिरांना निरुपयोगी, आणि काही महिन्यांत आत वाळून जातं. रोज मळ्याच्या वाटेने जाणाऱ्याने टायरच्या आत बसणारी जाड पट्टी घ्यावी. सायकल किंचित जड होते, पण काट्याला अडवते.

हवेचा पंप दुकानाबाहेर साखळीने बांधलेला असतो. दुकान बंद असलं तरी वापरा, पैसे नाहीत. फक्त नळी परत खिळ्याला अडकवून ठेवा.