चरबीचा रक्तपुरवठा रोखला तर?

सोलापुरी शेंगाचटणीतल्या शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. कडक भाकरीबरोबर ते पोटात गेलं की आतड्यात लायपेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. ते शोषले जातात आणि खर्च न झालेला भाग मेदपेशींत साठतो.

साठा वाढतो तशी पेशी फुगते. तिचा व्यास 100 मायक्रॉनच्याही पुढे जातो. केशवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन मात्र साधारण 100 ते 200 मायक्रॉनपर्यंतच पोचतो. कोंडलेल्या पेशी मग व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात आणि नव्या केशवाहिन्यांना अंकुर फुटतात. पण भोवती कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचं घट्ट जाळं असतं. ते कापल्याशिवाय ना वाहिनीला वाट मिळते, ना पेशीला फुगायला जागा. हे काम मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज (एमएमपी) एन्झाइमं करतात. त्यांच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. गॅलार्डिनसारखा रोधक, म्हणजे एन्झाइमचं काम थांबवणारं रसायन, नेमका तोच पकडून ठेवतो आणि कापणी थांबते. बेल्जियममधल्या संशोधकांनी भरपूर चरबीयुक्त खाद्यावरच्या उंदरांना गॅलार्डिन दिलं, तेव्हा त्यांची मेदऊती कमी वाढली, पेशी लहान राहिल्या आणि कोलॅजेन साचत गेलं.

वाहिन्यांवर थेट घाव घालूनही पाहिलं गेलं. 2002 मध्ये बॉस्टनचे संशोधक ज्यूडा फोकमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांना नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारं टीएनपी-470 हे औषध दिलं. मेथिओनिन अमिनोपेप्टिडेज-2 या एन्झाइमचा हा रोधक. उंदरांचं वजन घटलं, औषध थांबवताच पुन्हा वाढलं. त्याच एन्झाइमला रोखणारं बेलोरॅनिब माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं. 2015 मध्ये दोन रुग्ण दगावले, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकल्याचं आढळलं, आणि पुढच्या वर्षी ते औषध सोडून द्यावं लागलं.

आणखी एक धोका आहे आणि तो मला अधिक मूलभूत वाटतो. मेदऊती हे तेलाचं सुरक्षित कोठार आहे. आहार तसाच ठेवून कोठारच वाढू दिलं नाही, तर तेल यकृतात आणि स्नायूंत साचतं. जन्मतःच मेदऊती अपुरी असलेले रुग्ण सडपातळ दिसतात, तरी त्यांना यकृतात चरबी आणि मधुमेह गाठतो. म्हणून रक्तपुरवठा तोडण्याच्या कल्पनेपेक्षा तेल आत येतानाच अडवणं शहाणपणाचं.

ऑर्लिस्टॅट हे वजन कमी करण्याचं औषध तेच करतं. ते आतड्यातलं लायपेज रोखतं, रक्तात जेमतेम उतरतं. जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात 120 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, हा नेहमीचा डोस. आहारातली सुमारे 30 टक्के चरबी न पचता बाहेर पडते. जेवण चुकलं किंवा त्यात तेलतूप नसलं, तर गोळी गाळावी. तेल सुटलेल्या चटणीवर ताव मारून ती घेतली, तर शौचाला तेलकट आणि घाईची होते, कधी कपडेही खराब होतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं कमी शोषली जातात, म्हणून त्यांची गोळी रात्री झोपताना घ्यावी. थायरॉइडची गोळी आणि ऑर्लिस्टॅट यांत किमान चार तासांचं अंतर हवं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविकही एमएमपी रोखतं. हिरड्यांच्या आजारात ते 20 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा देतात. वजनासाठी ते परस्पर दुकानातून आणून घेऊ नये.