बोगस संस्था आणि खऱ्या संस्थेचा तोतया: दोघांची तपासणी वेगळी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की शहरातल्या प्रत्येक ग्रुपवर पूरग्रस्तांसाठी मदतीची आवाहनं फिरू लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरकरांनी सढळ हातानं दिलं. अशा वेळी पैसे लाटणारे दोन प्रकारचे असतात. दोघांनाही आपण सरसकट ‘बोगस’ म्हणतो आणि तिथंच गफलत होते, कारण एकाला उघडं पाडणारी तपासणी दुसऱ्यावर चालत नाही.

पहिला प्रकार बोगस संस्थेचा. नाव भारदस्त, पावतीपुस्तक छापलेलं, पण नोंदणी नाही. हिला पकडणं त्यातल्या त्यात सोपं. सार्वजनिक न्यासाचा (ट्रस्टचा) नोंदणी क्रमांक मागा. त्यात न्यासाच्या प्रकाराचं अक्षर (ई, एफ वगैरे), आकडा आणि जिल्हा असतो. धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव आणि क्रमांक जुळतात का, ते पाहा. नुसतं ‘शासनमान्य’ छापलेलं असेल तर ते मोजू नका.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. पेठेतलं एखादं मंडळ कायमचं नोंदलेलं नसलं म्हणून ते लबाड ठरत नाही. वर्गणी गोळा करण्यासाठी सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी मिळते. कार्यकर्त्यांकडे तिची प्रत मागण्यात गैर काही नाही.

दुसरा प्रकार तोतयाचा, आणि तो जास्त घातक आहे. संस्था खरी, तिचं काम खरं, नोंदणी क्रमांकही खरा. मागणारा मात्र तिचा नाही. तुम्ही संकेतस्थळ पाहिलंत तर सगळं जुळतं आणि उरलीसुरली शंकाही फिटते. म्हणजे बोगस संस्थेला उघडं पाडणारी तपासणीच तोतयाच्या पथ्यावर पडते. कधी तो संस्थेचं जुनं आवाहन जसंच्या तसं ठेवून फक्त क्यूआर कोड आणि मोबाइल नंबर बदलतो. कधी काम सोडून गेलेला माणूस जुन्या ओळखपत्रावर दारोदार फिरतो. यूपीआय आयडीत तर एका अक्षराचा फरक पुरतो: २०२० मध्ये पीएम केअर्सच्या नावानं फिरलेल्या खोट्या आयडीत ‘केअर्स’मधला शेवटचा ‘एस’ तेवढा गाळला होता.

म्हणून तोतयाच्या बाबतीत संस्था तपासून भागत नाही. पैसे कुणाच्या खात्यात जाणार, ते तपासावं लागतं. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी, बँकेत नोंदलेलं खातेदाराचं नाव पडद्यावर येतं. तिथं संस्थेऐवजी व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा. ‘आमच्या खजिनदारांचं खातं आहे’ हे उत्तर मान्य करू नका. मग संस्थेला फोन करा, पण आवाहनावर छापलेल्या नंबरवर नाही, कारण तो उचलणारा तोतयाच असतो. ऑनलाइन नकाशावर दिसणारा नंबरही बाहेरचा माणूस बदलू शकतो. संस्थेची जुनी पावती, कार्यालयाची पाटी किंवा तिचं स्वतःचं संकेतस्थळ यावरून नंबर घ्या.

दारात आलेल्यासाठी आणखी सोपा उपाय म्हणजे संस्थेच्या नावे रेखांकित, ‘अकाउंट पेयी’ चेक. खऱ्या कार्यकर्त्याला तो चालतो. तोतयाला तो वटवता येत नाही, म्हणून तो रोखीचाच आग्रह धरतो. बोगस संस्थेपुढं मात्र चेकचा उपयोग नाही. त्या नावानं तिनं खातं उघडलेलं असू शकतं. शिवाय २,००० रुपयांहून जास्त देणगी रोखीनं दिली तर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हेही रोख मागणाऱ्याला सांगता येतं. ‘पावती डाउनलोड करा’ म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर ती उघडूच नका. पावतीसाठी ॲप लागत नाही, आणि अशा ॲपमधून फोनमधले ओटीपी वाचले जातात.

पैसे गेलेच, तर ऑनलाइन व्यवहारासाठी ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी बँकेनं ती गोठवली, तरच परत मिळण्याची आशा असते. म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नका. चॅट पुसू नका. रोख दिली असेल तर पावती घेऊन जवळचं पोलीस ठाणं गाठा. तोतयेगिरी करून फसवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली गुन्हा आहे. बोगस संस्थेची तक्रार पोलिसांबरोबर धर्मादाय कार्यालयातही द्या. तोतयाच्या बाबतीत ज्या संस्थेचं नाव वापरलं तिला त्याच दिवशी कळवा, म्हणजे ती जाहीर सूचना काढून तो क्यूआर कोड पुढं फिरण्याआधी लोकांना सावध करू शकेल.