पर्फमधील घटना-नोंदींच्या त्रुटी

पर्फ हे लिनक्स कर्नलसोबत, म्हणजे लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यासोबत, वाढलेले कार्यमापनाचे साधन. चालू प्रोग्रॅमचा वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातो, कॅश (प्रोसेसरजवळची लहान, जलद स्मृती) किती वेळा हुकते, कर्नलमधले काम किती, हे शोधण्यासाठी ते ठरावीक अंतराने नमुने घेते आणि प्रत्येक नमुन्याची एक नोंद ‘पर्फ डॉट डेटा’ या फाइलमध्ये लिहिते. अशी एखादी नोंद हरवली, अर्धवट राहिली, क्रम सोडून आली किंवा वाचताना तिचा अर्थ लागला नाही, तर तिला घटना-नोंदीची त्रुटी म्हणतात. काही त्रुटींमुळे अहवाल उघडतच नाही. त्या त्रासदायक असल्या तरी फसव्या नसतात. खरी काळजी दुसऱ्या प्रकारच्या त्रुटींची घ्यावी लागते : तिथे अहवाल नीटनेटका उघडतो, टक्केवारीची बेरीज शंभर भरते आणि तरीही चित्र खोटे असते.

डिसेंबर २००८ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी प्रोसेसरमधील घटना मोजणारे काउंटर वापरण्याची नवी यंत्रणा कर्नल-विकासकांपुढे मांडली. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३१ या कर्नलमध्ये ती दाखल झाली. पर्फचा स्रोत आजही कर्नलच्याच संग्रहात राहतो. नोंद लिहिणारा कर्नल आणि ती वाचणारे साधन एकाच घरातले असल्यामुळे दोघांचा मेळ बहुधा बसतो. एका यंत्रावर घेतलेली फाइल जुने पर्फ असलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडली, की मात्र न ओळखलेल्या नोंदींची सूचना येऊ शकते.

नोंदीची रचना साधी आहे. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला ८ बाइटचा मथळा असतो : ४ बाइट प्रकारासाठी, २ बाइट किरकोळ खुणांसाठी आणि २ बाइट आकारासाठी. आकाराला दोनच बाइट असल्यामुळे कुठलीही नोंद ६४ किलोबाइटपर्यंत पोहोचू शकत नाही. प्रकार १ म्हणजे प्रक्रियेच्या स्मृतीत एखादी फाइल जोडली गेल्याची नोंद, २ म्हणजे ‘काही नोंदी हरवल्या’ असे सांगणारी नोंद, ३ प्रक्रियेच्या नावाची, ७ नव्या प्रक्रियेच्या जन्माची आणि ९ म्हणजे प्रत्यक्ष नमुना. ६४ पासून पुढचे प्रकार कर्नलचे नसतात, ते पर्फ स्वतः फाइलमध्ये घालते. पुढची नोंद कुठे सुरू होते हे केवळ आधीच्या नोंदीच्या आकारावरून कळते. मधे कुठे मैलाचा दगड नाही. त्यामुळे एकाच नोंदीचा आकार बिघडला, तरी तिथून पुढची सगळी फाइल वाचणाऱ्याच्या हातून निसटते. ‘फेल्ड टू प्रोसेस टाइप’ या संदेशात नोंदीचे फाइलमधील स्थान, तिचा आकार आणि प्रकाराचा क्रमांक दिलेला असतो. संदेशातला प्रकार १ किंवा ९ असेल, तर आधी त्या नोंदीतील मजकूर तपासावा. तो क्रमांक यादीत कुठेच नसेल, तर बहुधा त्याआधीच्या नोंदीपासूनच वाट चुकलेली असते.

नोंदी हरवणे

कर्नल नोंदी थेट फाइलमध्ये लिहीत नाही. प्रत्येक प्रोसेसर-कोअरसाठी एक गोल बफर असतो, म्हणजे शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरला जाणारा स्मृतीचा तुकडा. कर्नल एका टोकाने त्यात नोंदी टाकतो आणि पर्फ दुसऱ्या टोकाने उचलून डिस्कवर लिहिते. पर्फ मागे पडून बफर भरला, तर कर्नल थांबून वाट पाहत नाही. मापनासाठी मूळ कामच अडवायचे नाही, असा हा निर्णय आहे आणि तो योग्यच आहे. नोंद सोडून दिली जाते, हरवलेल्यांचा आकडा वाढतो आणि जागा झाल्यावर पुढच्या नोंदीबरोबर प्रकार २ ची नोंद घालून तो आकडा कळवला जातो. शेवटी पडद्यावर अमुक ‘चंक्स’ हरवल्याची सूचना येते. ही सूचना वाचताना हमखास गल्लत होते. चंक म्हणजे हरवलेली एक नोंद नव्हे, तर नोंदी हरवल्याचा एक प्रसंग. बारा चंक्समागे बारा नोंदी असतील किंवा बारा हजारही असतील.

हे सहज कसे घडते, ते आकड्यांतून पाहावे. ४ किलोबाइटची स्मृती-पाने असलेल्या यंत्रावर बफर मुळात ५१२ किलोबाइटचा असतो आणि नमुन्यांची मूळ वारंवारता सेकंदाला ४००० असते. साधा नमुना काही डझन बाइटांचा असल्यामुळे तेवढा बफर पुरतो. पण कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ही साखळी ‘ड्वार्फ’ पद्धतीने, म्हणजे डीबग-माहितीच्या आधारे, मागितली, की कर्नल प्रत्येक नमुन्यासोबत प्रोग्रॅमच्या स्टॅकचे (फंक्शन-कॉलचा हिशेब ठेवणाऱ्या स्मृतीचे) ८१९२ बाइट उचलून ठेवतो. आता बफरमध्ये जेमतेम ६४ नमुने मावतात. पूर्ण भारातल्या कोअरवर ते १६ मिलिसेकंदांत भरतात. एका कोअरचे सेकंदाला सुमारे ३२ मेगाबाइट, म्हणजे आठ कोअरचे अडीचशे मेगाबाइट. डिस्क जरा अडखळली किंवा पर्फलाच प्रोसेसरवर पाळी मिळायला उशीर झाला, की गळती सुरू होते.

पर्फही त्याच यंत्रावर पाळीची वाट पाहणारी एक प्रक्रिया आहे. म्हणून भार जितका जास्त, तितके ते मागे पडण्याची शक्यता जास्त. नोंदी सर्व काळात सारख्या गळत नाहीत. ज्या क्षणांचा शोध घेण्यासाठी मापन सुरू केले, नेमके तेच क्षण फाइलमध्ये विरळ होतात. शंभरातले पाच नमुने हरवले तर उत्तर पाच टक्क्यांनी चुकेल हा समज त्यामुळेच धोक्याचा आहे. हरवलेले पाचही नमुने एकाच उसळीतले असू शकतात.

उपायांपैकी पहिला म्हणजे ‘एम’ पर्यायाने बफर वाढवणे. साध्या वापरकर्त्याला त्यात कुलूपबंद (डिस्कवर न हलवता येणाऱ्या) स्मृतीची मर्यादा आडवी येते आणि पाने जोडण्याची परवानगी नाकारल्याचा संदेश मिळतो. दुसरा, आणि अनेकदा अधिक शहाणपणाचा, उपाय म्हणजे वारंवारता उतरवणे. सेकंदाला ९९ नमुन्यांवर बरेच प्रश्न सुटतात. शंभर न घेता नव्याण्णव घेण्याचे कारण असे, की यंत्रातली आवर्ती कामे गोल आकड्यांच्या तालावर चालतात आणि नमुने त्याच तालात पडू नयेत. ड्वार्फऐवजी फ्रेम पॉइंटर (बोलावणाऱ्या फंक्शनकडे नेणारा स्टॅकमधला दुवा) ठेवून बांधलेला प्रोग्रॅम असेल, तर नोंदीचा आकार एकदम खाली येतो. याशिवाय पर्फला वास्तवकालीन प्राधान्य देता येते किंवा नोंदी संकुचित करून लिहिता येतात. सगळ्या यंत्रावरचे सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्या) टिपताना आणखी एक सापळा असतो : पर्फने फाइलमध्ये लिहिले की तोही सिस्टिम कॉल, त्याचीही नोंद, आणि ती लिहायला पुन्हा कॉल. अशा वेळी पर्फला स्वतःच्या नोंदी वगळायला सांगावे लागते.

हरवण्यासारखेच दिसणारे पण वेगळे प्रकरण म्हणजे गळचेपी. नमुन्यांचे व्यत्यय फार झाले, तर कर्नल ती घटना पुढच्या टिकपर्यंत (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यापर्यंत) थांबवतो आणि तशी नोंद करतो. त्याशिवाय नमुने घेण्यातच प्रोसेसरचा ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ जाऊ लागला, तर तो वारंवारतेची कमाल मर्यादा खाली आणतो. ही वेळेची मर्यादा मुळात २५ टक्के असते. कर्नलच्या लॉगमध्ये ‘इंटरप्ट टुक टू लाँग’ अशी ओळ उमटते. एकदा उतरलेली मर्यादा आपोआप वर चढत नाही. काल चाललेली आज्ञा आज कमी नमुने देऊ लागली, तर आधी ही ओळ शोधावी.

एका नोंदीचे मोल

सगळ्या नोंदी सारख्या किमतीच्या नसतात. नमुन्यात फक्त पत्ता असतो. तो पत्ता कुठल्या लायब्ररीतला, हे प्रकार १ ची नोंद किंवा तिची विस्तारित आवृत्ती, प्रकार १०, सांगते. एक नमुना हरवला तर एकच नमुना जातो, पण जोडणीची एक नोंद हरवली तर त्या लायब्ररीत पडलेले पुढचे हजारो नमुने ‘अननोन’ ठरतात. आधीपासून चालू असलेल्या प्रक्रियांसाठी पर्फ सुरुवातीलाच चालू प्रक्रियांची माहिती देणारी ‘प्रोक’ फाइलप्रणाली वाचून अशा नोंदी स्वतः तयार करते. अहवालात अनोळखी पत्त्यांचा ढीग दिसला, तर लोक लगेच डीबग-चिन्हांची (पत्त्यांना फंक्शनची नावे देणाऱ्या माहितीची) पॅकेजे शोधू लागतात. त्याआधी पर्फच्या आकडेवारीत हरवलेल्या नोंदी आहेत का, ते पाहावे. कर्नलचेच पत्ते अनोळखी असतील, तर मात्र पत्ते लपवणारी सुरक्षा-मर्यादा चालू असण्याची शक्यता जास्त.

क्रमाचेही तसेच. बफर प्रत्येक कोअरचा वेगळा असल्यामुळे फाइलमध्ये नोंदी काळाच्या क्रमाने पडत नाहीत. सगळे बफर एकदा वाचून झाले की पर्फ प्रकार ६८ ची ‘फेरी संपली’ अशी खूण घालते. त्या खुणांच्या आधारे वाचताना नोंदी वेळेनुसार लावल्या जातात. एखादी नोंद आपल्या फेरीपेक्षा फार उशिरा पोहोचली, तर क्रमभंगाची सूचना येते. नमुना आधी आणि लायब्ररीची जोडणी मागून आली तर पत्ता उलगडत नाही. प्रक्रियेचे नवे नाव मागून आले तर तिचा वेळ जुन्या नावाखाली मोजला जातो.

अपुरी फाइल

एकूण नोंदींचा आकार पर्फ फाइलच्या मथळ्यात शेवटी लिहिते. मधेच वीज गेली किंवा प्रक्रिया सक्तीने मारली, तर तो आकडा शून्यच राहतो आणि वाचताना ‘पर्फ रेकॉर्ड नीट संपले होते का’ असा प्रश्न समोर येतो. नोंदी फाइलमध्ये असतात, फक्त त्यांची हद्द लिहिलेली नसते. म्हणून मापन नेहमी कंट्रोल-सीने थांबवावे.

शोधाची पद्धत

प्रथम अहवालाचा आकडेवारीचा पर्याय वापरून प्रत्येक प्रकारच्या नोंदी किती आहेत ते पाहावे. हरवल्याच्या आणि गळचेपीच्या नोंदी तिथेच दिसतात. मग ‘पर्फ स्क्रिप्ट’ला हरवलेल्या नोंदी दाखवायला सांगून त्या कुठल्या कोअरवर, कुठल्या क्षणी पडल्या ते तपासावे. वाचनातच अडचण असेल, तर अहवालाचा ‘डी’ पर्याय प्रत्येक नोंद कच्च्या बाइटांसह उलगडून देतो. सर्वांत भक्कम पडताळा मात्र बाहेरून मिळतो. ‘पर्फ स्टॅट’ नमुने न घेता काउंटरची सरळ बेरीज देते. तेच काम दोनदा चालवून ही बेरीज अहवालातील घटनांच्या अंदाजे एकूण संख्येशी ताडून पाहावी. दोन्हींत मोठी दरी असेल, तर टक्केवारी वाचायची घाई करू नये.

स्वतःचा वाचक लिहिणाऱ्यांच्या हातून बहुधा दोन ठिकाणी चूक होते. बफर गोल असल्यामुळे एखादी नोंद शेवटच्या बाइटांत सुरू होऊन पहिल्या बाइटांत संपते. ती आधी जोडून घ्यावी लागते. शिवाय कर्नलने पुढे सरकवलेले टोक वाचल्यानंतर स्मृती-अडसर (वाचनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना) न घातल्यास प्रोसेसर अजून न लिहिलेला मजकूर वाचू शकतो. ही चूक इंटेलच्या यंत्रांवर अनेकदा लपून राहते आणि स्मृतीचा क्रम सैल ठेवणाऱ्या आर्म प्रोसेसरवर उघडी पडते.