नातेवाईक परदेशात असले तर अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळतो का?

आई-वडील भारतात, सासू-सासरेही तिकडेच, मग सिक्युरिटी क्लिअरन्स (सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी) लागणारी संरक्षण खात्याच्या कंत्राटावरची नोकरी आपल्यासाठी नाहीच, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. तसा नियम नाही. क्लिअरन्स देण्याच्या, २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत 'परकीय प्रभाव' हा स्वतंत्र मुद्दा आहे खरा. पण तिथे तपासलं जातं ते हे, की नात्याचा धागा पकडून कुणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का.

आधी पात्रता. अमेरिकेचं नागरिकत्व हवं. जन्माने मिळालेलं असो वा नंतर घेतलेलं, दोन्ही चालतं. ग्रीन कार्डावर क्लिअरन्स मिळत नाही. स्वतःहून अर्जही करता येत नाही, कंपनीने किंवा सरकारी खात्याने तुमचं नाव पुढे पाठवावं लागतं. त्यामुळे पैसे घेऊन 'क्लिअरन्स काढून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

खरं काम एसएफ-८६ या फॉर्मात आहे, म्हणजे क्लिअरन्ससाठी तुमची पार्श्वभूमी विचारणाऱ्या सरकारी प्रश्नावलीत. कलम १८ मध्ये आई-वडील, भावंडं, मुलं, सासू-सासरे यांची माहिती लागते, हयात नसलेल्यांचीसुद्धा. नातेवाईक परकीय नागरिक असेल तर त्याची नोकरी, तिथल्या सरकारशी, लष्कराशी किंवा गुप्तचर यंत्रणेशी संबंध, तुमचं बोलणं कशावर आणि किती वेळा होतं, तेही विचारतात. मेहुणा, दीर, मामा, चुलतभाऊ या यादीत नाहीत, म्हणून अनेकजण त्यांना सोडून देतात. पण गेल्या सात वर्षांत त्यांच्याशी जवळचा किंवा सततचा संपर्क असेल आणि ते परकीय नागरिक असतील, तर त्यांची जागा कलम १९ मध्ये आहे. कलम २० मध्ये परदेशातला फ्लॅट, गुंतवणूक, सात वर्षांतले परदेश प्रवास आणि परकीय नागरिकाला केलेली आर्थिक मदत येते. आईला दरमहा पाठवलेले पैसेही त्यातच. ते लिहिण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

कागद जवळ ठेवा: पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, रद्द झालेल्या जुन्या भारतीय पासपोर्टचा तपशील (तोही विचारतात), अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांचे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचे क्रमांक, परदेशातल्या मालमत्तेची कागदपत्रं आणि प्रवासाच्या तारखा. घरच्यांच्या जन्मतारखा आणि पत्ते फोन करून आधीच विचारून घ्या. ऐन वेळी अंदाजाने लिहू नका.

निर्णय घेताना देश कोणता, नातेवाईक काय करतो आणि तुमची मुळं अमेरिकेत किती खोल आहेत, हे एकत्र पाहतात. निवृत्त शिक्षिका असलेली आई आणि तिथल्या लष्करात सेवेत असलेला भाऊ यांचं वजन सारखं नसतं. 'आमचं फारसं बोलणं होत नाही' हा युक्तिवाद सख्ख्या नात्यात सहसा टिकत नाही, कारण जवळच्या नात्यात जिव्हाळा असणारच असं गृहीत धरतात; सासरच्यांबाबतही जोडीदारामुळे तेच. उलट इथलं घर, मुलं, अनेक वर्षांची नोकरी हे पुराव्यासह दाखवलं तर उपयोग होतो. शंका राहिली तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूने झुकते, अर्जदाराच्या नव्हे.

माझ्या मते नातेवाइकापेक्षा लपवलेला नातेवाईक जास्त महागात पडतो. जाणूनबुजून चुकीची माहिती देणं हा फौजदारी गुन्हा आहे, शिवाय प्रामाणिकपणाचा वेगळा मुद्दा उभा राहतो.

हरकत निघाली तर कारणांची लेखी नोटीस येते. कंत्राटदार कंपनीच्या कर्मचाऱ्याला ती मिळाल्यापासून साधारण २० दिवसांत प्रत्येक मुद्द्याला मान्य की अमान्य असं लेखी उत्तर द्यावं लागतं आणि प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. सुनावणी हवी असेल तर त्याच उत्तरात तसं स्पष्ट लिहा.

क्लिअरन्स मिळाल्यावरही कळवत राहावं लागतं: परकीय नागरिकाशी लग्न ठरलं, परकीय नागरिक तुमच्या घरी राहायला आला, किंवा तुम्ही खासगी कामासाठी परदेशी निघालात, तर आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला सांगायचं. प्रवासाचं तर तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या.